समाज आरती आणि आपल्या दिंडीतले तंटे

शताब्दी समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "बुवा, स्मरणिकेत दिंडीच्या इतिहासाचा एक लेख तुमचा पाहिजे." मी म्हटलं, बाबांनो, मी चौथी पास माणूस. औताच्या मागं चालणं आणि वीणा गळ्यात घालून उभं राहणं एवढंच मला येतं. ते म्हणाले, कीर्तनात बोलता तसंच लिहा. म्हणून हा खटाटोप. चुकलं-माकलं तर वाचकांनी लेकराप्रमाणं पदरात घ्यावं.

दिंडी कोणी काढली, विणेकरी कोण कोण झाले, अन्नदान कोणाचं, तंबू कोणी दिला, ही सगळी माहिती या पुस्तकात इतरांनी लिहिली आहे. मी लिहिणार आहे ते आपल्या भांडणांविषयी. एकजण म्हणालेही, "बुवा, मंगल प्रसंगाला भांडणं कशाला?" पण शंभर वर्षं माणसं एकत्र चालली म्हणजे त्यांच्यात भांडण झालंच नाही असं कोण म्हणेल? आपल्या दिंडीत ती झाली. काही मिटली, काही उशिरा मिटली, एखादं अजून धुमसतंय. ती कशी मिटली हे लिहून ठेवलं नाही तर पुढच्या पोरांना वाटेल की जुनी माणसं सगळी संतच होती. तसं नव्हतं.

आधी समाज आरतीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माउलींच्या सोहळ्यात चालणाऱ्यांना ती रोजचीच, पण गावाकडं राहणाऱ्यांनी पाहिलेली नसते, आणि हल्लीची पोरं मोबाइलवर तिचं चित्र घेतात पण काय चाललंय ते विचारत नाहीत.

दिवसभर चालून पालखी मुक्कामाला येते. पालखीच्या भोवती सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ असतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चांदीचा दंड उंच करतात आणि "होऽऽ" अशी आरोळी देतात. त्या एका हाकेनं हजारो टाळ एकदम थांबतात. एवढा समाज असून पाखरू फडफडलं तरी ऐकू येईल. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर त्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत, ते वाजतच राहतात. तीच त्यांची तक्रारअर्जी. चोपदार त्या दिंडीकडं चालत जातात, काय झालं ते ऐकून घेतात, वाट काढतात. मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू सांगायच्या, उद्या किती वाजता निघायचं ते सांगायचं आणि मग आरती.

यात चार गोष्टी आहेत, त्या मी कीर्तनातही सांगत असतो. पहिली, एकाला बोलायचं तर बाकीच्या सगळ्यांनी गप्प व्हायचं. दुसरी, ज्याच्या हातात दंड आहे त्यानं तक्रारदाराकडं चालत जायचं, त्याला बोलावून घ्यायचं नाही. तिसरी, आपलं ऐकलं गेलं की आपला टाळ थांबवायचा, उगाच वाजवत राहायचं नाही. आणि चौथी, आधी तक्रार आणि मग आरती. मनात अढी ठेवून देवापुढं ज्योत ओवाळायची नाही.

माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे ते. शिंद्यांच्या पदरी सरदारी केलेला माणूस. वाटेत लुटारूंच्या तावडीत सापडले, सुटले, आणि घरी जायच्याऐवजी आळंदीला माउलींच्या पायाशी येऊन राहिले. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. फौजेत राहिलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक असणार की नुसत्या भक्तीनं एवढा समाज चालत नाही. दिंडीनं दिंडीची जागा सोडायची नाही, वेळ पाळायची, तंटा रात्रीवर ठेवायचा नाही. अशी शिस्त असली म्हणजे अनोळखी माणसंही अडीचशे किलोमीटर बरोबर चालतात. आळंदीला महाद्वारात त्यांची पायरी आहे. आळंदीच्या कार्तिकी वारीचा प्रारंभ त्या पायरीच्या पूजेनं होतो.

आता दुसऱ्या पायरीकडं येऊ, पंढरपूरला. महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना कूस ढासळलं आणि त्यात चोखोबा गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. नामदेवराय स्वतः मंगळवेढ्याला गेले, अस्थी शोधून घेऊन आले आणि महाद्वारापाशी समाधी दिली. जिवंतपणी ज्याला आत येऊ दिलं नाही त्याला मेल्यावर दारापर्यंत आणलं. पण दाराच्या बाहेरच. चोखोबांनी, सोयराबाईंनी, बंकांनी आपलं दुःख अभंगांत मांडलं. त्यांचे चिरंजीव कर्ममेळा यांनी तर देवालाच उलट जाब विचारला. आपण ते अभंग कीर्तनात गातो, डोळे पुसतो आणि घरी जातो. मी म्हणतो, तो टाळ सहाशे वर्षं वाजत होता. दंडवाला कोणी त्याच्याकडं चालत गेला नाही.

गेले ते साने गुरुजी. 'श्यामची आई' लिहिणारे गुरुजी. पंढरीचा पांडुरंग हरिजनांना भेटत नाही म्हणून प्राणांतिक उपोषण करायचं असं त्यांनी १९४६ च्या अखेरीस जाहीर केलं. सोबत्यांनी गळ घातली की आधी लोकांना सांगा, लोकांना वेळ द्या. गुरुजींनी ऐकलं. पुढचे चार महिने ते महाराष्ट्रभर फिरले, सेनापती बापटांसारखी वडीलधारी माणसं त्यांच्या पाठीशी होती. गावोगाव सभा झाल्या. त्या दौऱ्यात कितीतरी गावांनी आपली देवळं आणि विहिरी खुल्या केल्या. आणि मग १ मे १९४७ ला पंढरपुरात गुरुजी उपोषणाला बसले. जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठानं. हे आपण माळकऱ्यांनी विसरू नये. विरोध करणारे माळकरी होते तसे जागा देणारेही माळकरीच होते. दादासाहेब मावळंकरांनी मध्ये पडून बोलणी केली, बडवे मंडळी राजी झाली, आणि १० मेला उपोषण सुटलं. त्याच साली मुंबई सरकारनं मंदिरप्रवेशाचा कायदाही केला.

गुरुजींचं मला मोठं वाटतं ते हे की ते आधी चार महिने बोलले आणि मग दहा दिवस उपाशी राहिले. उलटं केलं असतं तर कदाचित दार उघडलं असतं, पण गावोगावच्या विहिरी उघडल्या नसत्या.

आता आपल्या दिंडीचं सांगतो. गुरुजी काही आपल्या माणदेशातल्या या आडगावापर्यंत आले नाहीत, पण बातमी आली. त्या वेळी दिंडीचे विणेकरी माझे आजोबा होते. आणि लिहायला लाज वाटते तरी लिहितो, आजोबा विरोधात होते. देव विटाळला असं ते म्हणत. मूर्तीतलं तेज आधीच घागरीत काढून घेतलंय, आता आत नुसता दगड आहे, अशी एक वदंता तेव्हा पंढरपुरात होती. तीही त्यांनी खरी मानली. मंदिर खुलं झाल्यावर आजोबांनी वारी सोडली नाही, पण देवळात जाणं सोडलं. चंद्रभागेचं स्नान करायचं, नगरप्रदक्षिणा करायची, नामदेव पायरीपाशी उभं राहून कळसाला हात जोडायचे आणि मागं फिरायचं. विणेकरीच आत जात नाही म्हटल्यावर दिंडीतली निम्मी मंडळी जाईनात. निम्मी जात. एकमेकांशी धड बोलत नसत. दिंडीत उभी फूट पडली ती अशी.

त्या काळी गावातल्या महारवाड्यातली चार-पाच माणसं आपल्या दिंडीच्या मागं अंतर ठेवून चालत. त्यांतल्या एकांचा आवाज पहाडी होता. चढ लागला आणि पुढचे दमले की मागून त्यांचं भजन चढायचं आणि सगळ्यांच्या पायांत बळ यायचं. त्यांच्या घरच्यांनी नाव छापू नका म्हटलं, म्हणून लिहीत नाही. मी त्यांना थोरले बाबा म्हणतो.

तिसऱ्या वारीला असं झालं. आजोबा पायरीपाशी कळसाकडं बघत उभे होते. थोरले बाबा दर्शन घेऊन बाहेर आले. जोहार घातला आणि म्हणाले, "बुवा, रागावू नगा. येक इचारू का?"

आजोबा म्हणाले, "इचार."

"तुमी जितं हुबं हाय, तितंच आमचा चोखोबा जल्मभर हुबा व्हता. त्येला आत येऊ देत नव्हते. तुमाला तर कुनी आडवलं न्हाय. मग तुमी का वो भाईर?"

एवढंच विचारलं. वर काही बोलले नाहीत. हातातला बुक्का पुढं केला. आजोबांनी तो त्या दिवशी घेतला नाही, तसेच निघून आले. माझे वडील तेव्हा पोरवयाचे, बरोबर होते. ते सांगत की त्या रात्री आजोबा पालाबाहेर बसून राहिले. जेवले नाहीत, कोणाशी बोलले नाहीत. कार्तिकीला पुन्हा पंढरपूरला गेले तेव्हा पायरीपाशी थांबले, थोरल्या बाबांना हाक मारली आणि म्हणाले, "चल, तू म्होरं हो." दोघं आत गेले.

ही हकीगत आजोबांनी लपवली नाही. गावात सप्ताह झाला तेव्हा काल्याच्या कीर्तनात भर मंडपात त्यांनी स्वतः ती सांगितली. म्हणून आम्हाला ठाऊक.

मी पुष्कळदा विचार करतो. आजोबांना तीन वर्षं कितीजणांनी सुनावलं असेल. जुन्या वळणाचा, अडाणी, पापी असंही म्हटलं असेल. ते हलले नाहीत, उलट जास्त घट्ट झाले. थोरल्या बाबांनी त्यांना पापी म्हटलं नाही, प्रश्न विचारला. आणि प्रश्नही असा की त्याचं उत्तर आजोबांनाच शोधावं लागलं. खरं तर दुखावलेले थोरले बाबा होते. रागावायचा हक्क त्यांचा होता. तरी चालत तेच आले. हे दरवेळी दुखावलेल्यानंच करावं असं मात्र कोणी म्हणू नये. दंड आजोबांच्या हातात होता, चालत जायला आजोबांनी हवं होतं.

आणि सगळं लगेच गोड झालं असंही नाही. देवळात बरोबर गेले, पण पंगती वेगळ्याच राहिल्या. इरावतीबाई कर्वे म्हणून पुण्याच्या विदुषी त्या काळात वारीत चालल्या होत्या. त्यांचा 'वाटचाल' हा लेख आपल्या गावच्या एका गुरुजींनी मला वाचून दाखवला. माणसं बरोबर चालतात, बरोबर गातात आणि जेवायला मात्र जातीजातीनं वेगळी बसतात, याचं त्या बाईंना फार वाईट वाटलं होतं. ते ऐकताना मला आपलीच दिंडी दिसली.

१९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्म स्वीकारला. थोरल्या बाबांच्या मुलानंही स्वीकारला आणि वारीला येणं बंद केलं. आजोबा त्याला म्हणाले, "आरं, दार उघडलं आन् आता तू निघालास व्हय?" तो म्हणाला, "बुवा, दार उघडायला सहाशे वर्सं लागली. तवर आमी दुसरं घर बांधलं." आजोबांना हे लागलं, पण पटलं. म्हणाले, "मग तुज्या घरी आमाला येऊ दे." तेव्हापासून आपली दिंडी गावातून निघते तेव्हा पहिला चहा त्या घरचा असतो, आणि १४ एप्रिलला आपले टाळकरी जयंतीला जातात. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचं जे पुस्तक लिहिलं ते नंदनार, रविदास आणि चोखोबा या तिघांच्या स्मृतीला वाहिलं आहे, हे मला त्याच घरातल्या एका मास्तरांनी सांगितलं. वाट वेगळी झाली म्हणून बोलणं तुटलंच पाहिजे असं नाही.

पंगत एक झाली ती १९७२ च्या दुष्काळानं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं गेली. सगळं गाव खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर. पाटील, माळी, धनगर, वाड्यावरची मंडळी, सगळ्यांच्या हातात एकच हातोडा. सुकडी एका ओळीत वाटली जायची आणि घरोघर लाल मिलोची भाकरी. ज्या आया-बाया एकमेकींच्या सावलीला टाळत त्या खडीच्या ढिगाआड एकमेकींची लेकरं सांभाळत होत्या. पुढच्या आषाढीला दिंडी निघाली तेव्हा स्वयंपाकाला वेगळ्या चुली मांडायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझे वडील म्हणायचे, "कीर्तनानं झालं न्हाय ते खडीनं केलं."

आता माझं स्वतःचं. दुसऱ्यांच्या चुका लिहिल्या, आपली लपवली तर वीणा धरायचा अधिकार नाही.

वीसेक वर्षं झाली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावात दोन पॅनेल पडली. भावकी फुटली, दूध घालायच्या वेळा बदलल्या, एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद झालं. मी एका बाजूचा होतो. सप्ताहात माझं कीर्तन होतं, आणि त्या कीर्तनात मी दुसऱ्या बाजूला टोमणा मारला. दृष्टांताच्या नावाखाली मारला. कोणाला मारला ते सगळ्या मंडपाला कळलं. लोक हसले. मला बरं वाटलं.

पखवाजाला जो बसला होता तो त्या बाजूचा, माझा बालमित्र. त्यानं हात थांबवला नाही. शेवटपर्यंत ठेका धरला. आरती झाल्यावर पखवाजाला गवसणी घातली आणि काही न बोलता निघून गेला. त्या आषाढीला एकाच गावाच्या दोन दिंड्या निघाल्या. तीन वर्षं तसंच चाललं.

नंतर माझ्या ध्यानात आलं. कीर्तनात कोणी उठून उत्तर देत नाही. नारदाच्या गादीवरून बोलणाऱ्याला टोकायचं नाही ही रीत आहे. म्हणजे मी अशा ठिकाणाहून दगड मारला की जिथं उलटून कोणी मारू शकत नव्हतं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला टोचून बोलणं हे कीर्तन नव्हे. गादी असो, माईक असो, सरपंचाची खुर्ची असो, ज्याच्या हातात असेल त्यानं हे ध्यानात ठेवावं.

तिसऱ्या वर्षी एका मुक्कामाला समाज आरती होती. "होऽऽ" झालं, सगळे टाळ थांबले आणि एक दिंडी वाजवतच राहिली. वळून पाहतो तर ती आमच्याच गावची दुसरी दिंडी. तक्रार आमच्याविरुद्ध होती. आमच्या पोरांनी त्यांच्या जागेत आमचा तंबू ठोकला होता. चोपदार त्यांच्याकडं गेले, ऐकून घेतलं, मग आम्हाला विचारलं. चूक आमची होती. तंबू सरकवायचा ठरला, टाळ थांबले, आरती झाली. दहा मिनिटं लागली असतील नसतील.

मी तिथंच उभा राहिलो. परक्या मुलखात लाखभर लोकांत आमचं भांडण दहा मिनिटांत मिटलं, आणि गावात तीन वर्षं मिटत नव्हतं. कारण तिथं कोणीतरी विचारायला चालत आलं होतं. गावात मी मित्राच्या दारावरून रोज जात होतो, पण थांबलो नव्हतो.

त्या रात्री मी त्यांच्या तंबूत गेलो. मित्र भाकरी खात होता. मी म्हटलं, "माझं चुकलं. गादीवरून बोललो ते चुकलं." तो बराच वेळ बोलला नाही. मग ताटातली अर्धी भाकरी पुढं केली आणि म्हणाला, "बस. पण एवढ्यानं भागायचं न्हाय. जितं बोललास तितंच सांग." बरोबर होतं त्याचं. पुढच्या सप्ताहात मी त्याच मंडपात उभं राहून माफी मागितली, पखवाजाला तोच होता. निवडणुकीत आम्ही आजही दोन बाजूंना आहोत. मत एक झालं नाही. पण दिंडी एक झाली.

तेव्हापासून आपल्या गावात दर वद्य एकादशीला भजन झाल्यावर आरतीआधी टाळ थांबवतात. ज्याला काही सलत असेल त्यानं टाळ वाजवत राहायचं. पहिले चार-पाच महिने कोणी वाजवला नाही, सगळे लाजले. मग एका म्हातारीनं वाजवला, पाण्याच्या पाळीची तक्रार होती. त्यानंतर रीत पडली. सगळंच मिटतं असं नाही. बांधाची दोन भांडणं कोर्टात आहेत, ती टाळानं मिटली नाहीत. पण कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच एस.टी.नं जातात.

शंभर वर्षांचा हिशेब म्हणून मला एवढंच सांगायचं होतं. पुढं ज्यांच्या हातात वीणा येईल त्यांना हात जोडून एक विनंती. दिंडी मोठी होईल, तंबू चांगले येतील, गाड्या वाढतील. त्या गडबडीत कोणाचा टाळ वाजत राहिलाय का तेवढं ऐका. ऐकू आला तर त्याला बोलावू नका, तुम्ही चालत जा. वारकऱ्याला चालायचं काय मोठंसं?

रामकृष्ण हरी.

संतांच्या पायांची धूळ,
दिंडीतला एक विणेकरी